उकळलं तरी फ्लोराईड जात नाही



बचत गटाच्या बैठकीत पाण्याचा विषय निघाला की एखादी बाई हमखास म्हणते, "ताई, आम्ही तर पाणी उकळून पितो." उकळणं चांगलंच आहे. जंतू मरतात, हगवण-कावीळ टळते. पण आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी-जामणी, घाटंजी या भागातल्या कित्येक बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराईड उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळलं की वाफ उडते, फ्लोराईड मात्र भांड्यातच राहतं. म्हणजे उरलेलं पाणी त्यानं आणखी दाट होतं.

हे कळलं कसं? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात सेंट डेव्हिड नावाचं गाव आहे. तिथल्या माणसांच्या दातांवर तपकिरी डाग असायचे. १९३१ साली तिथल्या विद्यापीठातल्या मार्गारेट कॅमॅक स्मिथ या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी त्या गावचं पाणी आटवून उंदरांना पाजलं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांत फरक लवकर दिसतो. निरोगी उंदराचे दात पिवळसर-नारिंगी आणि चकचकीत असतात. हे पाणी पिणाऱ्यांचे दात पांढुरके, निस्तेज झाले. नुसतं फ्लोराईड दिलेल्या उंदरांचेही तसेच झाले. दोष पाण्यातल्या फ्लोराईडचा, हे ठरलं.

आता कोणी म्हणेल, उंदराचं माणसाला कसं लागू होईल? तर असा परिणाम दिसायला उंदराला माणसापेक्षा कितीतरी जास्त फ्लोराईड लागतं. म्हणून उंदराला सोसलं ते आपल्या लेकराला सोसेल, असं धरू नका. आपल्या देशात १९३७ मध्येच नेल्लोर भागातून हा आजार नोंदला गेला. आज पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणी मिळतच नसेल, तर जास्तीत जास्त १.५.

लेकराचे पक्के दात हिरडीच्या आत पहिल्या सात-आठ वर्षांत घडतात. तेव्हा फ्लोराईड जास्त गेलं तर दातांवर खडूसारखे पांढरे, मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. ते घासून जात नाहीत. पोरगी तोंडावर हात ठेवून हसते, त्यात तिच्या स्वच्छतेचा काही दोष नाही. तिला बोलू नका. वर्षानुवर्षं असं पाणी प्यायलं तर मोठ्यांचे सांधे आखडतात, कंबर-मान ताठ होते.

घरी तीन गोष्टी करून पाहा. गुडघे न वाकवता खाली पडलेलं नाणं उचलता येतं का? हनुवटी छातीला लागते का? दोन्ही हात मानेमागे जातात का? जमत नसेल तर आरोग्य केंद्रात दाखवा. कारण दुसरंही असू शकतं, पण आम्ही कोणत्या बोअरचं पाणी पितो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग करायचं काय? साध्या कॅन्डलच्या फिल्टरनं फ्लोराईड जात नाही. नागपूरच्या नीरी संस्थेची तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धत आहे. पण त्यात पाणी तपासून माप ठरवावं लागतं. घरी अंदाजानं तुरटी फिरवून ते काम होत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पाण्याची वाटणी. फ्लोराईडचं पाणी धुणी-भांड्याला, आणि तपासलेलं चांगलं पाणी पिण्याला व स्वयंपाकाला. स्वयंपाक विसरू नका. भात-वरण शिजताना पाणी त्यातच मुरतं.

शरीरात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराईडचा त्रास वाढतो. म्हणून दूध, ताक, तीळ जेवणात ठेवा, आवळा-लिंबूही खा. चहापत्तीतही फ्लोराईड असतं, लेकरांना चहा नको.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण आणि किट द्यायचं ठरलेलं आहे. आपल्या गावात त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. प्रत्येक बोअर आणि विहीर वेगवेगळी तपासून घ्या. एका बोअरचं पाणी चांगलं निघालं म्हणून शेजारचं चांगलं असेलच असं नाही. आकडा जास्त आला तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवायला लावा, आणि ग्रामसभेत दुसऱ्या पाण्याची मागणी लेखी द्या.

पुढच्या बैठकीत कर्जाचा हिशेब झाला की इतिवृत्तात एक ओळ घाला : आपण पितो त्या पाण्यात फ्लोराईड किती? आणि त्यापुढं आकडा येईपर्यंत दर बैठकीला तो विषय काढत राहा.