अनुभवाची नजर



केसपेपरवरील सारे आकडे ठीक असतात; तरीही जुनी परिचारिका म्हणते, 'डॉक्टर, या रुग्णाचे लक्षण मला बरे दिसत नाही.' हे तिला कोणत्या पुस्तकाने शिकविले? अमेरिकेतील परिचर्या-संशोधक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. आराखडा ड्रायफस बंधूंचा. बुद्धिबळपटू आणि वैमानिक यांच्या अभ्यासातून सिद्ध झालेला. नवशिकी परिचारिका नियमाचे बोट धरून चालते. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे मुरल्यावर अग्रक्रम ठरवू लागते. पुढे सुट्या लक्षणांतून तिला समग्र रुग्ण दिसतो.

मात्र नुसती वर्षे भरली म्हणजे अनुभव आला असे नव्हे. पुस्तकी समजूत रुग्णाच्या उशाशी पारखली जाते, सुधारते, तोच बेनर यांच्या मते अनुभव. म्हणूनच अतिदक्षता विभागातील निष्णात परिचारिका बालरुग्ण विभागात धाडली, तर तेथे ती पुन्हा नवशिकी ठरू शकते. बदल्यांचे तक्ते आखताना याचा विसर पडला, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. तिच्या शंकेची वेळीच दखल घेणे, हीच या विद्येची खरी बूज होय.