सोंग, संवाद आणि यंत्र



पेडणे-डिचोलीच्या जत्रांतून ज्यांनी रात्र जागवून दशावतार पाहिला आहे, त्यांना आजचा विषय परका वाटू नये. दशावताराला परंपरेने लिखित संहिता नसते. मंडळीचा प्रमुख रंगपटात आख्यान समजावून सांगतो, सोंगे वाटून देतो; संवाद मात्र नटाने आयत्या वेळी, समोरच्याचे बोलणे ऐकून घडवायचे. भूमिका जगण्याचा असाच खेळ, पण प्रेक्षकांवाचून, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व फिनलंड या देशांत खेळला जातो. 1997 पासून त्याची परिषद या देशांत आळीपाळीने भरते. तेथे ठरलेला एक शब्द उच्चारून कोणाही खेळाडूस खेळ थांबविता येतो. ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले आणि असे खेळ रचणाऱ्यांना आयता लेखनिक लाभला. त्याची पारख आपल्याच अंगणात करू. समजा, आपल्या सुर्ल्यात नववी-दहावीच्या मुलांसाठी खाणबंदीवर खेळ रचायचा आहे. 2012 साली खाणी एकदा थांबल्या होत्या. पुढे 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सामसूम झाली. यंत्राकडे भूमिका मागितल्या, तर एक ट्रकमालक, एक शेतकरी, एक पर्यावरणवादी आणि प्रत्येकाच्या तोंडी मापून दिलेले गाऱ्हाणे, असा नीटनेटका संच बहुधा हाती येईल. परंतु ज्याच्या दारात कर्जाचा ट्रक उभा आणि ज्याच्याच शेतात खाणीचा गाळ साचलेला, असा माणूस त्यात क्वचितच सापडेल. आपल्याला तो शोधावाही लागत नाही.

म्हणून लांबलचक निकालपत्राचा गोषवारा काढणे, घटनाक्रम लावणे, दोन भूमिकांतील विसंगती दाखविणे, एवढे काम यंत्राला खुशाल द्यावे. तेही मूळ कागदाशी ताडून पाहावे, कारण न घडलेली गोष्ट ते तितक्याच ठामपणे सांगते. यंत्राचा हात कोठे लागला, हे खेळाडूंना आधी सांगावे. पात्राचे बोलणे मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून स्वतः घडवावे. दशावतारी नट तेच करीत आला आहे.

आणि कोणाच्या घरचा ट्रक विकला गेला, कोणाचे वडील कामाला मुकले, हे यंत्रात मुळीच घालू नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी, असे 2023 चा कायदा म्हणतो. पण कायदा नसता तरी हे शिक्षकाच्या मनातच राहायला हवे होते. सोंगे वाटताना त्याला त्याचीच गरज पडते. एखादा मुलगा “हे सोंग मला नको” म्हणाला, तर कारण न विचारता त्याला पेटीवाल्याशेजारी बसवावे.