साडेतीन किलोंचे ओझे
(वार्षिक स्नेहसंमेलनात झालेले भाषण)



नॉर्वे देशातील अनुभव सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मध्यरात्रीच्या सूर्याचे वर्णन ऐकावयास मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु तो सूर्य ऑस्लोत दिसत नाही, आणि आम्ही नोकरीनिमित्त होतो ते ऑस्लोतच. तेव्हा २०१३ सालच्या ऑगस्टअखेरीस एका शनिवारी आम्ही व आमचा धाकटा मावसभाऊ अशा दोघांनी डोंगरी सायकलींच्या एका लांब पल्ल्याच्या शर्यतीत भाग घेतला, त्याची हकीकत आपण गोड मानून घ्यावी.

या शर्यतीचे मूळ आठशे वर्षांमागे आहे. १२०४ साली नॉर्वेचा राजा तिसरा हाकोन मरण पावला आणि त्यानंतर त्याचा पुत्र जन्मास आला. राज्यात यादवी माजली होती. राजाच्या पक्षातील लोक इतके दरिद्री, की पायांस भूर्जवृक्षाची साल गुंडाळून हिंडत; म्हणून शत्रूंनी हेटाळणीने त्यांस ‘बिर्केबाइनर’, म्हणजे भूर्जपाये, म्हटले. पुढे तेच नाव त्यांनी अभिमानाने मिरविले. १२०५-०६ च्या हिवाळ्यात त्यांच्यापैकी थोर्स्टाइन स्केव्ला व शेर्वाल्ड स्क्रुक्का या दोघांनी दोन वर्षांच्याही आतील त्या राजपुत्रास घेऊन लिलहामरहून बर्फाचा डोंगर ओलांडला व त्यास पूर्वेकडील खोऱ्यात सुखरूप पोहोचविले. ते मूल पुढे १२१७ साली राजा झाले आणि १२६३ पर्यंत त्याने राज्य केले. आपल्याकडील तरुण भर पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जातात, त्याच भावनेने तेथील लोक १९३२ पासून बर्फावर घसरपट्ट्यांनी आणि १९९३ पासून सायकलीने हा डोंगर ओलांडतात. मात्र शर्यत रेना गावाहून लिलहामरकडे, म्हणजे मूळ प्रवासाच्या उलट दिशेने जाते. राजपुत्रास परत घरी आणून सोडण्याचाच हा प्रकार म्हणावयाचा!

त्या मुलाची आठवण म्हणून आम्ही गेलो त्या वर्षी प्रत्येकाने पाठीवर किमान साडेतीन किलोंची पिशवी वाहावी असा नियम होता. मार्ग नव्वदएक किलोमीटरांचा. वाटेत खाल्ले जाणारे अन्न वजनात धरण्यात अर्थ नव्हता, कारण शेवटीही वजन तेवढेच भरले पाहिजे. लिलहामरच्या भाड्याच्या घरात शुक्रवारी रात्री स्वयंपाकघरातील काटा पुढे ठेवून आम्ही दोन पिशव्या भरल्या. भावाला जाड लोकरीचा स्वेटर घ्यावयाचा होता. “त्याने जागा अडते,” असे म्हणून आम्ही तो काढविला व त्याच्या पिशवीत तुरीची डाळ भरली. डाळ जड आणि आटोपशीर. स्वतःच्या पिशवीत मात्र आम्ही स्वेटर राहू दिला. वडीलकीचा हा एक अधिकार समजावा. दोन्ही पिशव्या तीन किलो सहाशे ग्रॅम भरल्या.

सकाळी रेनास हजारो सायकली तुकड्यातुकड्यांनी सुटत होत्या. आपल्या वयोगटातील पहिल्या पाचांच्या सरासरी वेळेहून चतुर्थांशाने अधिक वेळेच्या आत जो पोहोचेल त्यास मानचिन्ह मिळते. त्याच्या लोभात आम्ही पडलोच नाही. पहिला चढ लांबलचक. पुढे खडी, चिखल, झाडांची मुळे. ब्रिंगबूसेत्राच्या पलीकडे आमचे मागील चाक पंक्चर झाले. ट्यूब बदलण्यात पुष्कळ वेळ गेला, आणि भाऊ घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी शेजारी उभा राहिला. क्वार्स्टाडच्या मुक्कामी तो काही खाईना. तेथेच आम्हांस उमगावयास हवे होते.

निम्म्याहून अधिक वाट सरल्यावर रोसिनबक्केन नावाचा चढ लागतो. नावाचा अर्थ मनुक्यांची टेकडी, गोडवा नावापुरताच. तेथे तो खाली उतरला व सायकल ढकलू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, “दादा, ही डाळ येथेच टाकून देऊ का?”

आम्ही त्यास त्या दोघा वीरांची कथा पुन्हा ऐकविली. त्या मुलास पाजावयास त्यांच्याजवळ वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावाचून काही नव्हते, तरी त्यांनी मूल टाकले काय, असेही विचारले. कथा खरी होती, पण ती सांगण्याची ती वेळ नव्हती. तो काही बोलला नाही. डाळ पाठीवर घेऊन चढ चढला.

शूशोएनजवळ माळ उघडा आहे. वारा सुटला होता. तेथे त्याचे दात वाजू लागले, बोटांनी ब्रेक दाबवेना, आणि पुढे बालबर्गचा उतार शिल्लक होता. तो इतका तीव्र व वेगाचा, की ब्रेक हातात नसणाऱ्याने त्या वाटेस जाऊच नये. आम्ही आमची पिशवी उघडली आणि स्वेटर त्याच्या अंगात घातला. “तुमचे वजन कमी होईल,” असे तो म्हणाला. गूळ व शेंगदाणे खाववून आम्ही त्यास रस्त्याच्या कडेस अर्धा तास बसविले. शेकडो स्वार पुढे निघून गेले. कित्येकांनी थांबून विचारपूसही केली.

हाकोन हॉलपाशी पोहोचलो तेव्हा घरून निघताना ठरविलेल्या वेळेहून दोन तास अधिक झाले होते. आमच्या पिशव्या कोणी तपासल्या नाहीत. घरी आल्यावर आम्ही स्वतःच त्या काट्यावर ठेवल्या. भावाची तीन किलो सहाशे भरली. आमची तीन किलो शंभर. नियमाप्रमाणे आम्ही बाद होतो.

त्याने काट्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि पिशवीतून डाळीची पुडी काढून विचारले, “दादा, वरणाला एक वाटी पुरे ना?”