खात्री कोर्टानं करायची, कळवायचं आपण



शिक्षक परिषदेच्या स्वागताध्यक्षाची कामं तीन: मांडव, पाणी आणि जेवण. मांडव उभा आहे, पाणी समोर आहे, दुपारी तांदळाची भाकरी आणि सोलकढी आहे. चौथं काम भाषण, ते मात्र पाहुण्यांनी सोसायचं असतं. मी सुपारीची बाग करणारा माणूस, मास्तर नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीवर बसलो, तेवढीच शिक्षणाशी सोयरीक. तेव्हा बोलतो ते पालकाच्या बाजूनं.

दिवेआगर, शिस्ते, कापोली, वेळास, दिघी अशा भोवतालच्या गावांची बोर्ली पंचतन ही बाजारपेठ. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानं इथल्या बागा आडव्या केल्या. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात आणि घर तोवर थांबत नाही. आधीच मुंबईला आणि आखातात जाणारी माणसं होती, त्यांत भर पडली. मुलं आजीपाशी राहिली. कातकरी वाड्यांवरची कुटुंबं दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात, तिथली पोरं कधी बरोबर जातात, कधी कुणा नातेवाइकाकडे राहतात. अशा मुलाला रोज, ठरल्या वेळी बघणारा मोठा माणूस एकच उरतो. तो म्हणजे तुम्ही शिक्षक.

आणि तुम्हाला दिसतंही. सोमवारी खिचडीला दोनदा ताट पुढे करणारं मूल तुम्हाला ठाऊक असतं. शनिवार-रविवार त्याच्या पोटात काय गेलं हे कुणी सांगावं लागत नाही. शाळा सुटली तरी दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावणारी मुलगी दिसते. अमुक काका न्यायला आले की तिचा चेहरा उतरतो, हेही दिसतं. अडतं ते पुढे. ‘खात्री कुठे आहे? उगाच एखाद्याचं नाव खराब व्हायचं.’

नेमकं इथंच कायद्यानं तुमचं ओझं हलकं केलंय. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ सांगतं की मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तो होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. पुरावा गोळा करा, चौकशी समिती नेमा, असं त्यात कुठेही नाही. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखानं दडवला तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. उलट सद्भावनेनं कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे ती बदनामी, धमकी किंवा पैसे उकळण्याच्या हेतूनं केलेल्या तक्रारीला.

बदलापूर आठवा. बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार, संशयित शाळेचाच सफाई कर्मचारी. २० ऑगस्ट २०२४ ला लोक रेल्वेरुळांवर उतरले, उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि कळवलं नाही म्हणून शाळाचालकांवरही गुन्हा नोंदला गेला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झालं. मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांवरचा न कळवल्याचा गुन्हा उच्च न्यायालयानं रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा जिवंत केला. माहीत असून गप्प बसणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा त्यामागे अपराध्याला वाचवण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाचं म्हणणं.

शहरात हे सोपं असेल. आपल्याकडे आरोपी कुणाचा तरी चुलता, कुणाचा मेहुणा, वर गावकीतला मानकरी. प्रकरण ‘घरातल्या घरात मिटवा’ म्हणणारे चार जण संध्याकाळी दारात येतात. म्हणूनच मला हा कायदा शिक्षकाचा आधार वाटतो. ‘मी तुमच्या विरोधात नाही, पण न कळवलं तर मीच आत जाईन,’ एवढं म्हणायची सोय त्यानं केली आहे. ती वापरा. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं म्हणजे आपण सुटलो, हा समज मात्र सोडा. कळवण्याचं कर्तव्य प्रत्येकाचं स्वतंत्र आहे.

आबाळीची गोष्ट थोडी वेगळी. अमेरिकेत १९६२ साली डेन्व्हरच्या हेन्री केम्प या बालरोगतज्ज्ञानं मारहाण झालेल्या मुलांवर निबंध लिहिला आणि पाचेक वर्षांत तिथल्या राज्याराज्यांत कळवण्याची सक्ती आली. शिक्षकांवरच्या त्या सक्तीत आज उपाशी ठेवणं, दुर्लक्ष करणं हेही येतं. आपल्याकडे पोक्सोची सक्ती लैंगिक गुन्ह्यांपुरती. घरच्या माणसाची क्रूरता आणि हेळसांड बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७५ खाली गुन्हा आहे. अशा मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेण्याचा अधिकार सरकारी नोकरालाही आहे आणि जागरूक नागरिकालाही. सक्ती नाही म्हणून हात झटकू नयेत, हे माझं मत. बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवक हाच त्याचा प्रतिबंधक अधिकारी, त्याला गाठा.

अठराच्या आतल्या मुलामुलीचं प्रेमप्रकरणही पोक्सोच्या कचाट्यात येतं, त्यावर कायदेपंडितांतच एकमत नाही. तो प्रश्न दुपारच्या सत्रात वक्त्यांना विचारा. मी त्यात पडत नाही.

एक विनंती. मूल बोललं तर त्याचे शब्द जसेच्या तसे, तारखेसह लिहून ठेवा. तेच पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, स्टाफरूममध्ये तर मुळीच नाही. मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, साध्या कपड्यातल्या पोलिसानं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. पालक पोलीस ठाण्याला घाबरतात, त्यांना हे तुम्हीच सांगा.

मुलांच्या मदतीचा १०९८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन क्रमांक प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर, मुलांना वाचता येतील एवढ्या उंचीवर, येत्या सोमवारच्या आत रंगवून घ्या. रंगाचा खर्च स्वागत समिती देईल.