तेलाचा डबा आणि सोयाबीनचे पोते

माळव्यातील भारी काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी पडीक राही. मुरलेल्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यावा, हीच तेथील रीत. १९७० नंतर सोयाबीन आले आणि त्या रिकाम्या महिन्यांत रोख पैसा देणारे पीक उभे राहिले. परदेशी तेलाची आयात त्या काळी सरकारच्या हाती होती. इंदूर, उज्जैन, देवास येथील मंड्या सोयाबीनच्या राशींनी भरू लागल्या.

१९९४ साली पामोलिनची आणि १९९५ साली बहुतेक खाद्यतेलांची आयात खुली झाली. १९९४ मध्ये ६५ टक्के असलेली जकात १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर उतरली. मलेशिया-इंडोनेशियाचे पामतेल व अर्जेंटिनाचे सोयाबीन तेल बंदरांत येऊ लागले. आज देशाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते.

याला निव्वळ अनर्थ म्हणणे न्यायाचे होणार नाही. हाटात पावशेर तेल घेणाऱ्या भूमिहीन मजुराला स्वस्ताई हवीच असते. आणि लहान शेतकरीही तेल विकतच घेतो! शिवाय सोयाबीनमध्ये तेल अठरा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतांश पेंड. तिला गिऱ्हाईक परदेशांतही आहे. म्हणजे खुल्या व्यापाराने त्याचे एका हाताने घेतले, तर दुसऱ्या हाताने काही दिलेही.

खरा प्रश्न वेळेचा आहे. तेलाचा डबा बारा महिने थोडाथोडा घेता येतो. पोते मात्र कर्ज फेडण्यासाठी दिवाळीच्या सुमारास एकदाच विकावे लागते. शहरात तेल महागले की जकात उतरते, आणि ती पुन्हा चढते तोवर पेरणी होऊन गेलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील एकूण जकात ५.५ वरून २७.५ टक्के झाली. तरीही त्या हंगामात पेंडेला उठाव नसल्याने मंडीतील भाव ४,८९२ रुपये क्विंटल या हमीभावाखालीच राहिला. मे २०२५ अखेर, खरिपाच्या तोंडावर, तीच जकात १६.५ टक्क्यांवर आणली गेली.

सरकारी खरेदीचा आधार होता. परंतु दाण्यात बारा टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल केंद्रावर घेतला जात नसे. ती मर्यादा पंधरा टक्के झाली नोव्हेंबर २०२४ मध्ये. ज्याला थांबण्याची ऐपत नव्हती, त्याचे पोते तोवर व्यापाऱ्याच्या काट्यावर चढून गेले होते.