कर्नलची ‘नो केन’ नोंद
(रेडिओवरील भाषण)



दिवाळी सरली की कोल्हापुरातल्या कसबा बावड्याच्या रस्त्यांवर उसाची वाहनं दिसू लागतात. राजाराम साखर कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडते, हंगाम सुरू होतो, आणि मग पुढचे काही महिने ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या, ट्रक आणि बैलगाड्या यांची रांग हा गावाच्या दिनक्रमाचाच भाग होतो. फडातून भरलेली ट्रॉली घेऊन निघालेला ड्रायव्हर समोरून येणाऱ्याला हटकून विचारतो, “किती गाड्या लागल्यात रं यार्डात?” उत्तर वीस आलं तर तो खुशीत पुढं जातो. साठ आलं तर वाटेत चहाला थांबतो.

ड्रायव्हरपुरता हा आकडा पुरेसा आहे. कारखाना मात्र त्यावर चालत नाही. रांग वाढली म्हणजे ऊस भरपूर आला असं समजावं, की आत मिल बंद पडली असं समजावं? रांग नाही म्हणजे काम झपाट्यानं उरकतंय, की तोडणीच्या टोळ्या फडात पोहोचल्याच नाहीत? एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ निघतात. म्हणून साखर कारखान्यांत गाळप किती वेळ बंद राहिलं आणि कशामुळं, हे वेगळं लिहिलं जातं. ऊस कमी पडला तर ‘नो केन’. यंत्र मोडलं तर तो वेळ यांत्रिक बिघाडाच्या नावावर. विजेचा रकाना निराळा, साफसफाईचा निराळा. शेतकी खातं आणि इंजिनिअरिंग खातं यांचं वाजलं तर कोण खरं बोलतंय ते या नोंदीवरून ठरतं.

संगणकात अशी सरसकट नोंद ठेवायला २०१८ साल उजाडावं लागलं. तोवर बहुतेक जग रांगेतल्या गाड्याच मोजत होतं.

संगणक सुरू झाला की त्याच्यावर सत्ता चालते ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची. प्रोसेसर आता कुणी वापरायचा, मेमरीतली जागा कुणाला किती द्यायची, डिस्कवरून आधी कुणाचं वाचायचं, हे सगळं कर्नल ठरवतो. ही व्यवस्था कितपत ताणाखाली आहे हे सांगणारा जुना आकडा म्हणजे ‘लोड अ‍ॅव्हरेज’. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टेनेक्स नावाच्या अमेरिकी ऑपरेटिंग सिस्टीमवर तो दिसत होता. तिथून तो युनिक्सच्या कुळात शिरला, लिनक्समध्ये आला आणि ठाण मांडून बसला. मागच्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांत सरासरी किती कामं प्रोसेसरवर चालू होती किंवा त्याच्यासाठी ताटकळत होती, एवढंच तो सांगतो. लिनक्समध्ये १९९३ साली त्यात डिस्कची वाट पाहणारी कामंही मिसळली, आणि आधीच धूसर असलेला अर्थ आणखी गढूळ झाला. लोड आठ आहे म्हणजे नेमकं काय? सोळा कोअरचा प्रोसेसर असेल तर बहुधा काहीच नाही. चार कोअरचा असेल तर चिंता. आणि डिस्क अडकली असेल तर प्रोसेसर रिकामा बसून असतानाही आठ. गंमत अशी की ज्या फाइलमध्ये हा हिशेब होतो, तिच्या सुरुवातीलाच कर्नलच्या लेखकांनी टीप लिहून ठेवली आहे: आकडा खुळचट आहे, पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो.

मेमरीचंही तसंच. ‘रॅम पंच्याण्णव टक्के भरली’ म्हटलं की माणूस घाबरतो. पण लिनक्स रॅम शक्यतो रिकामी ठेवत नाही. वाचलेल्या फायली तो तिथंच साठवून ठेवतो, कारण मोकळी ठेवून तिचा कुणाला उपयोग? तेव्हा भरलेल्या रॅमवरून टंचाई आहे की नाही, हे कळत नाही.

बावड्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजात शिकणाऱ्या कुठल्याही पोरापोरींना विचारा, हा अनुभव त्यांना पाठ असतो. चार जीबीचा जुना पीसी, ब्राउझरमध्ये वीस टॅब, बाजूला जावाचं प्रोजेक्ट. अचानक माउसचा बाण थिजतो. “हँग मारला की मर्दा!” प्रोसेसर तापलेला नाही, कुठली चूक पडद्यावर आलेली नाही, डिस्कचा दिवा तेवढा सारखा लुकलुकतो आहे. आत काय चाललेलं असतं? कर्नल एका कामाला जागा देण्यासाठी दुसऱ्याची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, बाहेर काढतो. दुसऱ्याला ती लगेच परत हवी असतात, म्हणून तिसऱ्याची काढतो. सगळा वेळ या उचलठेवीत जातो आणि खरं काम तसूभरही सरकत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये या ‘थ्रॅशिंग’ची कारणं आणि त्यावरचा उपाय मांडला होता. म्हणजे दुखणं तेव्हाच ओळखलं होतं. ताप मोजायचं साधन मात्र पन्नास वर्षं रांगेच्या लांबीवरच अडलं.

मधल्या काळात कुणी प्रयत्नच केला नाही असं नाही. २००६ साली लिनक्समध्ये एकेका कामाला कशासाठी किती थांबावं लागलं, हे टिपणारी सोय आली. पण ती एकेका गाडीवाल्याची तक्रारवही होती. सगळ्या कारखान्याचे किती तास बुडाले, याचा आकडा त्यातून हाताशी येत नव्हता.

तो आणला योहानेस वाइनर यांनी. ते फेसबुकमध्ये लिनक्सच्या मेमरी व्यवस्थेवर काम करत होते. त्यांनी लिहिलेली ‘प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन’, थोडक्यात पीएसआय, ही सोय डिसेंबर २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत आली. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क अशा तीन टंचाया, आणि तिघींच्या वेगळ्या फायली. प्रत्येकीत दोन ओळींचा हिशेब. पहिल्या ओळीचं नाव ‘सम’: निदान एखादं काम तरी या टंचाईमुळं अडून होतं, असा वेळ किती टक्के? दुसरी ‘फुल’: काही करण्याजोगी सगळीच कामं एकाच वेळी अडली, कुणीच पुढं सरकत नव्हतं, असा वेळ किती टक्के? दोन्ही टक्के मागच्या दहा सेकंदांचे, एका मिनिटाचे आणि पाच मिनिटांचे मिळतात. शेवटी एकूण बुडालेला वेळ, तोही मायक्रोसेकंदात.

‘सम’ आणि ‘फुल’ वेगळे ठेवण्यात खरी मख्खी आहे. ‘सम’ वीस टक्के असेल तर कुणीतरी कुरकुरत असतं, पण बाकीची कामं चालू असतात, गाळप सुरूच राहतं. ‘फुल’ वीस टक्के म्हणजे पाचातला एक सेकंद सरळ ‘नो केन’मध्ये गेला. प्रोसेसरच्या फाइलमध्ये मात्र सबंध संगणकाचा ‘फुल’ नेहमी शून्यच असतो. प्रोसेसरसाठी एक जण थांबला आहे म्हणजे दुसरा कुणीतरी त्यावर चालतो आहे, हे उघडच आहे.

हिशेबातली एक बारीक गोष्ट इथं सांगायलाच हवी. समजा २५६ प्रोसेसर आहेत आणि गणित सोडवणारी २५७ कामं. एक काम कायम बाहेर उभं राहणार. बाळबोध पद्धतीनं मोजलं तर ‘कुणीतरी सतत अडलेलं आहे’ म्हणून दाब शंभर टक्के निघेल, आणि तो धडधडीत खोटा असेल. पीएसआय प्रोसेसरच्या संख्येशी प्रमाण लावून उत्तर देतो: साधारण ०.४ टक्के. ज्यानं मोठी यंत्रं रोज हाताळली आहेत, त्यालाच हे सुचावं.

मेमरीची टंचाई ओळखणं याहून अवघड. एखादं काम डिस्कवरून वाचतंय म्हणजे मेमरी कमी आहे असं नाही. कदाचित ते ती फाइल पहिल्यांदाच उघडत असेल. वाइनर यांनी २०१४ मध्येच यासाठी एक युक्ती कर्नलमध्ये आणली होती. मेमरीतून पान बाहेर काढताना कर्नल त्याच्या जागी छोटी खूण सोडतो. तेच पान थोड्याच वेळात पुन्हा मागितलं गेलं, तर खुणेवरून कळतं की जागा पुरेशी असती तर हे काढावंच लागलं नसतं. अशा पानाची वाट पाहण्यात गेलेला वेळ मेमरीच्याही खात्यावर. पहिल्यांदाच वाचलेल्या पानाचा वेळ फक्त डिस्कच्या खात्यावर. शेतकीचा दोष इंजिनिअरिंगच्या माथी जात नाही.

हे सगळं कुणाच्या कामाचं? आपल्या सगळ्यांच्या खिशातच ते आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच कर्नल असतो. गूगलच्या सुरेन बागदासारयान यांनी जुलै २०१९ मधल्या ५.२ आवृत्तीसाठी पीएसआयला इशारा देण्याची सोय जोडली. ‘एका सेकंदात दीडशे मिलिसेकंद वाया गेले तर मला उठव’ असं एखाद्या प्रोग्रॅमला कर्नलला सांगून ठेवता येतं. अँड्रॉइड १० पासून मेमरीची तंगी आली की मागं पडलेलं कुठलं अ‍ॅप बंद करायचं, ते ठरवणारा प्रोग्रॅम असे इशारे वापरतो. फेसबुकनंही २०१८ मध्येच या आकड्यांवरून इतर प्रोग्रॅम बंद करणारा ऊमडी हा प्रोग्रॅम खुला केला. प्रोग्रॅम मारणारा कर्नलचा स्वतःचा जल्लाद असतो, पण मेमरी अगदी संपली तरच तो येतो. थ्रॅशिंगमध्ये ती कधी पूर्ण संपतच नाही, रडतखडत पुरते, आणि जल्लादाची वाट पाहत मशीन मिनिटंच्या मिनिटं अर्धमेलं पडून राहतं.

महाराष्ट्रात अशा अर्धमेल्या यंत्रांची सार्वजनिक आठवण म्हणजे १६ जुलै २०२१. दहावीचा निकाल लागला आणि निकालाच्या वेबसाइट काही तास उघडेनात. अशा दिवशी बोलण्यात येतो तो एकच आकडा, एकाच वेळी किती लाख जण आले तो. यार्डातल्या गाड्या! आत नेमकं काय अडलं, प्रोसेसर, मेमरी, डिस्क की आणखी काही, आणि किती वेळ, हे बाहेर कुणी विचारत नाही. विचारलं तरच पुढच्या वर्षी पैसा योग्य जागी लागेल.

नव्या मापानं घोळही घातले. पीएसआयवर आधारलेला, ऊमडीसारखाच सिस्टिमडी-ऊमडी हा प्रोग्रॅम लिनक्सच्या वितरणांपैकी २०२१ मध्ये फेडोरा ३४ मध्ये आणि २०२२ मध्ये उबुंटू २२.०४ मध्ये आपोआप चालू होऊन आला. उबुंटूच्या वापरकर्त्यांनी गहजब केला: काही कळायच्या आत ब्राउझर गायब! पण त्यातला एक मोठा गुन्हेगार पीएसआय नव्हता. मेमरीतून काढलेली पानं ठेवायची डिस्कवरची जागा, म्हणजे स्वॅप, जवळजवळ भरली की मोठा प्रोग्रॅम बंद करायचा, असा दुसराही निकष त्यात होता, आणि उबुंटूच्या स्थापनेत ती जागा बऱ्याचदा एक जीबीच असायची. ती भरायला वेळ कितीसा लागणार? मशीन मजेत चालू असतानाही पाटी भरल्याचा आकडा पाहून गळा दाबला जात होता. शेवटी उबुंटूनं तो निकष मूळ मांडणीतून काढला. पीएसआयची स्वतःची उणीवही खरी आहे. कोण अडला ते तो सांगतो, कुणामुळं अडला ते नाही. शंभर जणांची मेमरी एका हावरट प्रोग्रॅमनं खाल्ली, तरी रडताना दिसतात ते शंभर.

कुणाला घरच्या किंवा कॉलेजच्या लिनक्स पीसीवर हे पाहायचं असेल तर टर्मिनल उघडून ‘कॅट’ लिहा, जागा सोडा, आणि मग ‘स्लॅश प्रॉक स्लॅश प्रेशर स्लॅश मेमरी’. मशीन अडखळत असताना पाहा. मेमरीचा ‘फुल’ शून्याच्या आसपास असेल आणि डिस्कचा वाढलेला असेल, तर नवी रॅम घ्यायला शाहूपुरीतल्या दुकानात जाऊ नका. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचा विचार करा. फाइलच सापडली नाही किंवा उघडली नाही, तर सोय बंद असेल. रेड हॅट लिनक्सच्या ८ आणि ९ या आवृत्त्यांत ती कर्नलमध्ये असते, पण मुळात बंद ठेवलेली असते. बूटच्या ओळीत ‘पीएसआय बरोबर एक’ असं लिहून संगणक पुन्हा चालू करावा लागतो. आकडे तिथून पुढचे जमतात, मागचे मिळत नाहीत.