दारावरून जाणारा सुतार



मी याच सुकापुरात वाढलो. तेव्हा इथे इमारती कमी आणि भातखाचरं जास्त होती. आमच्या घराचं दार आळीतल्याच सुताराने बसवलेलं. पावसात ते फुगून घासायला लागलं, की बोलावण्याआधीच तो रंधा घेऊन हजर. पैसे केव्हाच चुकते झालेले असायचे. पण त्याची रोजची ये-जा आमच्या दारावरूनच. आपल्या हातचं दार कुरकुरतंय, हे त्याला खपत नसे. कामाची शिस्त मी पुढे कॉलेजात, नोकरीत शिकलो खरी, पण पहिला धडा त्याचा.

आज मी पाणीपुरवठ्यात अभियंता आहे. जलवाहिनी टाकली, की सांधे पाण्याच्या दाबाखाली तपासायचे, दाब टिकला तरच चर बुजवायचा, असा नियम. पाऊस तोंडावर आला की कंत्राटदाराची घाई सुरू होते, "साहेब, माती लोटून घेऊ, आत कोण बघतंय?" खरंच कुणी बघत नाही. पण पाणी ठरावीक वेळच सुटतं. ते बंद झालं, वाहिनीतला दाब उतरला, की गळक्या सांध्यातून आजूबाजूचं घाण पाणी आत शिरतं आणि सकाळी कुणाच्या तरी हंड्यात येतं. तो हंडा शेजारच्या घरातला आहे असं समजूनच मी सही करतो. मोठ्या, अनोळखी शहरात असं समजणं जड जातं, हेही सांगतो.

पण दूर, मोठ्या पदावर गेल्यावरही ते जमू शकतं. आपल्याच जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख पाहा. महाडजवळच्या नाते गावी जन्म, बालपण रोह्यात. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५२ मध्ये आपल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर पाठवलं. मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या निर्णयावरून १९५६ मध्ये त्यांनी देशाचं अर्थमंत्रिपद सोडलं. निवडून देणाऱ्या माणसांना तोंड दाखवायचंय, याची जाण त्यामागे असणारच, असं मला वाटतं.

मुलांनो, पुन्हा हंड्यातल्या पाण्याकडे येऊ. देहरंग धरणाचं पाणी पनवेलपर्यंत कसं पोचतं, हे तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मुख्याध्यापिकाबाईंशी माझं बोलणं झालंय. परीक्षा संपली की नववीच्या वर्गाला मी धरणावर नेणार आहे. वही आणा, आणि प्रश्न भरपूर आणा.